खाडीच्या मुखाशी घाई नको

कोकणातील खाडीकाठचा शेतकरी हा केवळ भाताचा शेतकरी नाही. आश्विन-कार्तिकात भात घरात आले, झोडणी आटोपली, की पुष्कळ घरांतील कर्ती माणसे होडी पाण्यात लोटतात आणि पुढले सहा-सात महिने समुद्राच्या आधाराने प्रपंच चालवितात. जमीन उकरतो तो नांगर आणि होडी एका जागी धरून ठेवतो तोही नांगर. मराठी भाषेने दोहोंना एकच नाव दिले, आणि कोकणातील कित्येक घरांत हे दोन्ही नांगर एकाच पडवीत ठेवलेले असतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला, तेव्हा या घरांतील जुन्या वस्तुस्थितीवर जणू शिक्कामोर्तब झाले. म्हणून शेतीचा विचार करणाऱ्या ग्रामकार्यकर्त्याने होडीचाही विचार करणे आता ओघानेच आले.

लहान होडीच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका कोठे असतो, असा प्रश्न विचारला तर खोल समुद्राकडे बोट दाखविले जाते. अनुभव निराळा आहे. किनाऱ्यापासून चार-पाच मैलांवर, खोल पाण्यात, साधारण वाऱ्यात होडी लाटेबरोबर वर चढते आणि खाली उतरते. फार तर माणसे भिजतात. घात होतो तो घर दिसू लागल्यावर, खाडीच्या मुखाशी. तेथे पाणी उथळ असते, लाट फुटत असते, आणि माणसाच्या मनात घाई असते. यांतील पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हातातील नाहीत. तिसरी मात्र पूर्णपणे त्याच्या आणि त्याच्या गावाच्या हातातील आहे.

वाळूचा दांडा

सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात गाळ व वाळू घेऊन येतात. समुद्राच्या लाटा किनाऱ्याची वाळू मुखाकडे ढकलतात. जेथे या दोन शक्ती समोरासमोर येतात तेथे पाण्याचा वेग मंदावतो, वाळू खाली बसते आणि मुखाच्या बाहेरच्या बाजूस पाण्याखाली वाळूचा आडवा दांडा तयार होतो. विजयदुर्गासारख्या काही खाड्यांचे मुख खोल असून तेथे असा दांडा नाही, म्हणूनच ते बंदर पूर्वीपासून नावाजलेले आहे. परंतु आंजर्ले, भाट्ये, आचरे, कर्ली अशा अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचेच राज्य आहे. देवबागची चिंचोळी भूमी, एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र अशी पसरलेली, हे या वाळूच्या सामर्थ्याचे उघड्यावर दिसणारे उदाहरण होय.

हा दांडा स्थिर नसतो. गेल्या वर्षी ज्या वाटेने होड्या सुखाने गेल्या ती वाट एका पावसाळ्यात बुजते आणि पन्नास-शंभर हात बाजूला नवी वाट पडते. म्हणून 'लहानपणापासून ही खाडी ओळखतो' हे वाक्य श्रावणानंतर काही दिवस तरी कोणी उच्चारू नये. पावसाळ्याच्या शेवटी खाडी पुन्हा नव्याने ओळखावी लागते.

याबाबत एक चुकीचा हिशेब सर्रास केला जातो. होडी दीड फूट पाण्यात तरंगते. तेव्हा दांड्यावर चार फूट पाणी असले की पुरे, असे समजले जाते. हा हिशेब शांत तळ्यात बरोबर आहे, समुद्रात नाही. लाट तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे तीन फुटांची लाट साधारणतः चार फूट पाण्यात फुटणार. होडीचा तळ घासणार नाही एवढे पाणी असले तरी त्याच पाण्यात लाट होडीवर कोसळू शकते. शिवाय दोन लाटांमधील खळग्यात पाणी आणखी कमी होते. तेव्हा दांड्यावर पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही. त्या दिवशी लाट किती आहे, हे त्याबरोबर पाहिले पाहिजे.

पंचांग पाहून जाळे टाकावे

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत कोकणात सर्वांस ठाऊक आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, याप्रमाणे. उत्तर कोकणात ही रीत चांगली जुळते. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते, म्हणून स्थानिक अनुभवाने तेवढा फरक करून घ्यावा. सूक्ष्म वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण खात्याची भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध होतात.

या साध्या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, तिकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास भरती पूर्ण होते आणि सायंकाळी सहाच्या आसपास सुकती असते. हे उधाणाचे दिवस. पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. मुंबईजवळ ही चढउतार चार मीटरच्याही वर जाते. मालवणकडे ती बरीच कमी असली तरी उथळ मुखाशी तेवढीही पुष्कळ होते. ओहोटीची ओढ साधारणतः तिच्या तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सर्वांत जोराची असते. नेमक्या याच वेळी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे जोराने वाहत असतो. पाणी बाहेर धावते, वारा व लाटा आत येतात. दोहोंची टक्कर दांड्यावर होते आणि लाटा आखूड, उंच व उभ्या होऊन फुटू लागतात. आणि याच वेळी, सायंकाळच्या बाजारासाठी, होड्या परत येत असतात. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतचा तिसरा प्रहर हा म्हणूनच खाडीच्या मुखाचा सर्वांत वाईट काळ समजावा.

अष्टमीच्या सुमारास चित्र उलटे असते. भांगाचे दिवस असल्याने ओढ कमी, दुपारभर पाणी चढते, आणि वारा व पाणी एकाच दिशेने आत येत असल्याने लाट बसकी राहते. सायंकाळी पाचला आत येणारी तीच होडी, तोच तांडेल, तेच मुख. तिथी बदलली की सारे बदलते.

यावरून मार्ग स्पष्ट होतो. उधाणाच्या दिवसांत सायंकाळी परतण्याचा बेतच आखू नये. मध्यरात्रीच्या भरतीवर बाहेर पडावे, मतलई वाऱ्यात मासेमारी करावी आणि दुपारची भरती ओसरण्यापूर्वी आत यावे. तसे न जमल्यास दांड्याच्या बाहेर, सुरक्षित खोल पाण्यात, नांगर टाकून रात्रीच्या भरतीचे पाणी चढेपर्यंत थांबावे. नांगर हा होडीतील सर्वांत स्वस्त जीवरक्षक आहे. परंतु त्याचा उपयोग करावयास मन लागते.

घाईचे मूळ बाजारात आहे

थांबण्यास तांडेल का तयार होत नाही? त्याला धोका कळत नाही असे नव्हे; तो किनाऱ्यावरील कोणाही अधिकाऱ्यापेक्षा त्याला अधिक कळतो. असे समजा की होडीत तीन माणसे आहेत. टोपलीत चाळीस किलो बांगडा आहे, उन्हात चार तास पडलेला. जावळात सर्वांत लहान असलेला खलाशी म्हणतो, "काका, पाणी फुटतंय. घटकाभर थांबूया." काकालाही ते दिसत असते. पण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरेही एक दृश्य असते: बंदरावर लिलाव सुरू झाला आहे, पुढे गेलेल्या दोन होड्यांच्या मासळीने व्यापाऱ्यांच्या टोपल्या भरल्या आहेत, आणि उशिरा आलेल्या मऊ बांगड्याला निम्मा भावही कोणी देत नाही. डिझेलचे पैसे द्यावयाचे आहेत. तेव्हा काका म्हणतो, "बस घट्ट, जाऊया." पुष्कळदा ते सुखरूप जातातही. आणि सुखरूप गेलेल्या प्रत्येक वेळेमुळे पुढच्या वेळेची घाई थोडी अधिक धीट होते.

अशा वेळी होडी उलटली तर गाव समुद्राला दोष देते, नाहीतर तांडेलाच्या नशिबाला. खरा दोष त्या दिवशीच्या हिशेबाचा असतो. त्याच्या लेखी थांबण्याची किंमत ताबडतोब व निश्चित होती आणि न थांबण्याची किंमत लांबची व अनिश्चित. नुसता 'सावध राहा' असा उपदेश करून हा हिशेब बदलत नाही. तो बदलावयाचा असेल तर थांबण्याची किंमतच कमी केली पाहिजे. त्यासाठी दोन उपाय आहेत आणि दोन्ही गावाच्या आवाक्यातील आहेत.

पहिला उपाय बर्फाचा. तीस अंश उष्णतेची एक किलो मासळी शून्य अंशापर्यंत थंड करण्यास सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ खर्ची पडतो; त्यापुढचा बर्फ ती थंडी टिकविण्याच्या कामी येतो. मासळीच्या वजनाइतका बर्फ घ्यावा हा सर्वमान्य नियम आहे; तथापि एका दिवसाच्या फेरीत, चांगल्या झाकणाच्या पेटीत, निम्म्या बर्फानेही पुष्कळ काम भागते. बर्फ फोडून बारीक करावा, मासळी व बर्फ यांचे थर आलटून पालटून द्यावेत, आणि वितळलेले पाणी खालून निघून जाईल अशी सोय ठेवावी. बाजारातील तयार शीतपेटी परवडत नसेल तर गावच्या सुताराकडून एकात एक अशा दोन फळ्यांच्या पेट्या करवून, मधल्या जागेत भाताचे कोरडे तूस प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठासून भरावे. तूस उष्णता अडविते आणि ते भाताच्या गिरणीवर सहज मिळते. मात्र ते ओले झाले की निरुपयोगी होते. पेटी होडीच्या मध्यभागी, तळाशी, दोरीने घट्ट बांधलेली असावी. अशी पेटी होडीत असली की तीन तास थांबूनही बांगडा ताठच राहतो, आणि तांडेलाला थांबण्याचे स्वातंत्र्य मिळते. बर्फाकडे आजवर केवळ मासळीचा भाव राखणारी वस्तू म्हणून पाहिले गेले. तो माणसेही राखतो, हे आता ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा उपाय याहूनही स्वस्त आहे. ज्या दिवशी मुख फुटत असेल त्या दिवशी शेवटची होडी आत येईपर्यंत लिलाव सुरू करावयाचा नाही, असा ठराव मच्छीमार सहकारी संस्थेने व ग्रामसभेने करावा. पहिल्या येणाऱ्याला मिळणारा लाभ नाहीसा झाला की धावण्याचे कारणच उरत नाही. या ठरावास व्यापाऱ्यांची संमती हवी. त्याहीपेक्षा मासळी विकणाऱ्या बायकांची संमती हवी, कारण बाजाराची वेळ त्यांच्या हाती असते आणि होडीत त्यांचीच माणसे असतात. ज्या सभेत हा ठराव येईल त्या सभेस त्यांना आग्रहाने बोलवावे.

गावाने करावयाची कामे

पावसाळा संपताच, पहिली होडी बाहेर पडण्यापूर्वी, दोन अनुभवी तांडेलांनी शांत दिवशी, भरतीचे पाणी चढत असताना, मुखाचा ठाव घ्यावा. लांब बांबूवर फुटाफुटाच्या खुणा करून पाणी मोजत जावे. एकाने टेकडीवर किंवा बुरुजावर उभे राहून वरून पाहावे. जेथे लाट फुटत नाही आणि पाणी गडद दिसते तेथे खोल वाट असते. वाट सापडली की किनाऱ्यावर दोन उंच काठ्या, एक पुढे व एक मागे, अशा रोवाव्यात की समुद्रातून त्या एकाच रेषेत दिसल्या म्हणजे होडी वाटेवर आहे असे समजावे. त्यांस भिन्न रंगाची फडकी व रात्री दिवे लावावेत. मात्र वाट सरकली की काठ्याही सरकविल्या पाहिजेत. चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. या कामी स्थानिक बंदर कार्यालयास आधी कळवून त्याची संमती घ्यावी.

बंदरावर एक फळा असावा. त्यावर रोज त्या दिवशीची भरती, सुकती, हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांविषयीचा इशारा लिहावा. हे इशारे आता भ्रमणध्वनीवर येतात. पण ज्याच्याकडे तो नाही किंवा ज्याने तो पाहिला नाही, अशांसाठी फळ्याचे महत्त्व कायम आहे. शाळेतील मोठ्या मुलांकडे हे काम सोपविल्यास ते नियमित होते आणि मुलांस तिथीचे गणितही पक्के होते. त्याजवळच लाल बावट्याची काठी असावी. बावटा चढवावयाचा की नाही हे मालकाने ठरवावयाचे नाही. गावाने निवडलेल्या दोन-तीन जुन्या तांडेलांनी ठरवावे, आणि चढलेला बावटा सर्वांनी मानावा.

मुख ओलांडताना

एवढे करूनही मुख ओलांडावयाचेच असते. त्याचे नियम थोडे आहेत. आत येण्यापूर्वी बाहेर थांबून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटा काहींच्या संख्येने येतात आणि मग थोडी उसंत पडते, ती साधावी. मोठी लाट पुढे जाऊ द्यावी आणि तिच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत यावे. तिच्या माथ्यापुढे धावू नये. माथ्यापुढे गेलेल्या होडीची पिछाडी मागली लाट उचलते, नाळ पाण्यात घुसते, होडी आडवी होते आणि दुसरी लाट तिला पालथी घालते. बहुतेक अपघातांचा क्रम हाच असतो. जाळी सैल ठेवू नयेत. ती पंख्यात अडकली की यंत्र बंद पडते, तेही नेमके नको तेथे. होडीतील पाणी आधीच उपसून टाकावे. बाहेर जाताना लाटेस तोंड द्यावे, पण वेगाने तिच्यावर आदळू नये. जीवरक्षक जाकीट अंगात घालावे; फळीखाली ठेवलेले जाकीट कोणाचाही जीव वाचवीत नाही. तटरक्षक दलाचा साहाय्याचा क्रमांक १५५४ आहे, तो होडीवर रंगाने लिहून ठेवावा.

पावसाळ्याविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. ही सवलत गरिबाच्या पोटासाठी आहे. ती मुख ओलांडण्याची शिफारस समजू नये. त्या दिवसांत नदीचा पूर व ओहोटी एकत्र होऊन बाहेर धावतात आणि समोरून पावसाळी लाट येते. नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीच्या आतच मासेमारी करावी, हा वाडवडिलांचा दंडक केवळ धार्मिक नव्हता.

गाळ उपसण्याची मागणी

खाडीच्या मुखाचा गाळ उपसावा, बंधारा बांधावा, अशी मागणी अनेक गावांतून होते. ती रास्त आहे आणि जेथे होड्यांची संख्या मोठी आहे तेथे तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु उपसलेली वाळू पुढल्या पावसाळ्यात पुन्हा येते. बंधाऱ्याने एका जागेची वाळू अडली की ती शेजारच्या किनाऱ्यास कमी पडते, तेव्हा असे काम अभ्यासावाचून होऊ नये. त्यास वेळ लागतो. तोवर गावाने हात बांधून बसणे योग्य नव्हे. बर्फाची पेटी, फळा, दोन काठ्या, एक बावटा आणि लिलावाचा ठराव यांसाठी कोणत्याही मोठ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

थांबणाऱ्या तांडेलास गावात भित्रा म्हणण्याची खोड मात्र प्रथम सोडावी लागेल. पेरणीची वाफ येईपर्यंत शेतकरी थांबतो, तेव्हा त्यास कोणी भित्रा म्हणत नाही. त्यास जाणता म्हणतात. पाणी चढेपर्यंत नांगर टाकून थांबणाराही तसाच जाणता आहे. ग्रामकार्यकर्त्याने या हंगामात आपल्या खाडीकाठच्या गावी जाऊन एवढाच प्रश्न विचारावा: आज मुख फुटत असेल तर तुमच्या होडीस तीन तास बाहेर थांबणे परवडेल काय? उत्तर 'नाही' असे आले, तर कामास तेथूनच आरंभ करावा.